जुन्या टोपीचा भाव

श्रोतेहो, आपल्या मराठीत टोपीवरून जितके बोलले जाते तितके दुसऱ्या कुठल्या कपड्यावरून क्वचितच बोलले जात असेल. कुणी कुणाला फसवले की आपण म्हणतो, टोपी घातली. पुढाऱ्याने पक्ष बदलला की टोपी फिरवली. मुंबईत भाड्याची खोली घ्यायची तर पूर्वी पगडी मोजावी लागे. बाळ जन्मले की टोपरे आणि कुंची, लग्नात मानपान म्हणून टोपी-टॉवेल, आणि बाप गेला की तेराव्याला थोरल्या मुलाच्या डोक्याला पागोटे. जन्मापासून मरणापर्यंत डोके झाकलेले. उघड्या डोक्याने चार माणसांत जाणे हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात एक तर दुःखाचे लक्षण होते, नाही तर उद्धटपणाचे.

समुद्रापलीकडून आलेल्या माणसांनाही आपण त्यांच्या डोक्यावरूनच ओळखले. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच अशा सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, टोपीकर. त्यांचा धर्म, भाषा, देश बाजूला राहिला. हॅट तेवढी डोळ्यांत भरली. आमच्या जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूने टोपीकर होतेच. पण शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोहलमन हाही हनोव्हरचा जर्मन होता. म्हणजे आमच्या नदीकाठावर टोपीकर दोन्ही बाजूंना उभे होते. नुसत्या टोपीवरून माणूस कोणाचा हे ठरवता येत नाही, हा धडा आमच्या मातीत दोनशे वर्षांपूर्वीच लिहिला गेला आहे. तो पुढे किती वेळा विसरला गेला, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे. निमित्त आहे जुन्या टोप्यांच्या लिलावाचे.

जुन्या टोप्यांनाही बाजार आहे, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. आमच्या मोंढ्यात सकाळी हर्राशी होते ती ज्वारी, मका, सोयाबीनची. टोपीची हर्राशी कोण करणार? पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये नेपोलियनची एक काळी दुशिंगी हॅट लिलावात निघाली आणि ती सुमारे १९ लाख युरोंना गेली. २०२० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात महात्मा गांधींचा म्हणून सांगितलेला एक चष्मा दोन लाख साठ हजार पौंडांना विकला गेला. हे झाले राजे आणि महात्म्यांचे. त्याखाली एक मोठा, शांत बाजार आहे. साध्या शिपायाच्या, कारकुनाच्या, रेल्वेच्या गार्डाच्या, वरातीतल्या नवऱ्याच्या टोप्यांचा. हा बाजार आता बहुतेक इंटरनेटवर भरतो.

१९९५ साली अमेरिकेत ईबे नावाचे लिलावाचे दुकान संगणकावर सुरू झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होता, असे सांगतात. मोडक्या वस्तूलाही कुठे तरी गिऱ्हाईक असते, हे त्यातून दिसले. आपल्याकडे २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम निघाले. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. ईबेची भारतातली शाखा २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. पण तोवर लोकांना सवय लागून गेली होती. आज जुनी नाणी, टपाल तिकिटे, कंदील, घड्याळे आणि टोप्या यांची देवाणघेवाण वेगवेगळ्या ठिकाणांहून चालूच आहे.

माझा एक भाचा जालन्यात हाच उद्योग करतो. आधी नाणी विकायचा, मग टोप्यांकडे वळला. त्याच्या शेजारी बसून मी हा व्यवहार पाहिला आहे. टोपीचे चार-सहा फोटो काढायचे. वरून, खालून, आतून. माप लिहायचे, डाग आणि भोके लिहायची. सुरुवातीची किंमत ठेवायची आणि आठ-दहा दिवसांची मुदत द्यायची. गिऱ्हाईक आपली सर्वांत वरची बोली मनात ठरवून यंत्राला सांगून ठेवते. यंत्र ती कुणाला दाखवत नाही, समोरच्याने वाढवले की आपणही थोडेसे वाढवते. पूर्वी जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, त्यातलाच हा प्रकार. फक्त रुमाल काचेचा झाला आहे. सात दिवस कुणी फिरकत नाही आणि शेवटच्या मिनिटाला दोघे-तिघे तुटून पडतात. कधी विकणाऱ्याचाच माणूस खोट्या नावाने बोली चढवतो. ही लबाडी मोंढ्यातही नवी नाही.

जाणकार गिऱ्हाईक टोपी बाहेरून कमी आणि आतून जास्त पाहते. आत कपाळाला लागणारी चामड्याची पट्टी असते. ती घामाने काळी पडलेली असेल तर टोपी खरोखर कुणी तरी वापरलेली आहे. कारखान्याचा शिक्का असतो, दुकानाचे नाव असते, कधी मालकाने शाईने लिहिलेली आद्याक्षरे असतात. कसर लागली आहे का, रंग एका बाजूने उडाला आहे का, गोंडा मूळचा आहे की नंतर शिवलेला, हे सगळे पाहतात. रंग एकाच बाजूने उडाला असेल तर ती टोपी वर्षानुवर्षे खिडकीजवळच्या एकाच खुंटीवर टांगलेली होती, असेही सांगता येते.

आमच्या भागातून या बाजारात जाणाऱ्या टोप्यांत एक असते सोला हॅट. साहेबाची टोपी म्हणतात ती. जालन्यात एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची छावणी होती. हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली जाणारी फौज तिथे असे. १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणीचे दिवस संपले. सोला ही पाणथळ जागी उगवणारी वनस्पती. तिचा गाभा भेंडासारखा हलका आणि पांढरा. त्याच्या पातळ पट्ट्या साच्यावर चिकटवून वर कापड चढवले की टोपी तयार. इंग्रजांनी सोलाचे सोलर करून टाकले आणि नावातच सूर्य आणला. हिंदुस्थानचे ऊन गोऱ्या डोक्याला या टोपीशिवाय सोसत नाही, अशी त्यांची समजूत होती. नोकरी संपवून मायदेशी निघालेले साहेब बोटीवरून ती समुद्रात फेकून देत. दुसऱ्या महायुद्धात सैनिक उन्हात उघड्या डोक्याने राबले, कुणी मेले नाही, आणि ही समजूत आपोआप गेली. या टोपीला आज परदेशी गिऱ्हाईक पुष्कळ आहे. तिच्याबद्दल कुणाच्या मनात काही उरलेले नाही, म्हणून ती सुखाने विकली जाते.

दुसरी टोपी इतकी सुखाने विकली जात नाही. ती म्हणजे रुमी टोपी. तांबडी, उभी, वरून सपाट, मध्यातून काळा गोंडा लोंबणारी. तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मोरोक्कोतल्या फेझ शहरावरून तिला बाहेर फेझ म्हणतात. १८२९ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान दुसरा महमूद याने ती सरकारी नोकरांना सक्तीची केली. हेतू असा की, पागोट्याच्या आकारावरून कोण कुठल्या जातीधर्माचा, कुठल्या दर्जाचा हे कळत असे. ते कळू नये, सगळे प्रजाजन एकसारखे दिसावेत. म्हणजे ही टोपी जन्मली ती सुधारणेची टोपी म्हणून. जुन्या मौलवींनी तिच्याकडे संशयाने पाहिले होते.

तुर्कस्तानला आपल्याकडे रूम म्हणत, म्हणून ती रुमी झाली. पण ती बनत होती कुठे? मोठ्या प्रमाणात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, बोहेमियातल्या स्ट्राकोनित्से गावच्या गिरण्यांत. लोकरीची सैल पिशवी विणायची, ती गरम पाण्यात कुटून आटवायची, किरमिजी रंगात बुडवायची आणि साच्यावर चढवून वाफेने ताठ करायची. ख्रिस्ती कामगार ती करत आणि मुसलमान ती घालत. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा तुर्कांनी ऑस्ट्रियाच्या मालावर बहिष्कार घातला आणि पहिला राग निघाला तो याच टोपीवर. लोक डोक्यावरच्या टोप्या काढून दुसरे काही घालू लागले.

हिंदुस्थानात ही टोपी रुजली ती अलीगढमुळे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांचा पोशाख काळा कोट आणि तांबडी टोपी असा ठरला. इंग्रजी शिकलेला नवा मुसलमान, असा तिचा अर्थ. हैदराबाद संस्थानात ती कचेऱ्यांत शिरली. दरबारात दस्तार आणि कमरेला बगलूस लागे. रोजच्या कचेरीत शेरवानी आणि रुमी टोपी. ती घालणाऱ्यांत सरकारी नोकरीतले हिंदूही असत. त्या काळची कचेऱ्यांतली सामुदायिक छायाचित्रे पाहिली तर टोपीवरून नावे ओळखण्याची पैज कुणीही हरेल. उलट आमच्या खेड्यांतला मुसलमान शेतकरी ती घालत नव्हता. त्याच्या डोक्याला पटका किंवा फेटाच असे, शेजारच्या पाटलासारखा. रुमी टोपी ही धर्माहून अधिक कचेरीची टोपी होती.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान स्वतः रुमी टोपी घालत. २२ फेब्रुवारी १९३७ च्या टाइम साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. आणि हा श्रीमंत माणूस एकच मळकी टोपी वर्षानुवर्षे वापरतो, अशा गोष्टी लोक एकमेकांना सांगत. १९३१ मध्ये त्यांच्या दोन मुलांची लग्ने फ्रान्समधल्या नीस शहरात तुर्कस्तानच्या पदच्युत खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार आणि त्यांच्याच घराण्यातली निलोफर यांच्याशी झाली. पण त्याच्या सहा वर्षे आधीच, २५ नोव्हेंबर १९२५ रोजी, केमाल पाशाने तुर्कस्तानात कायदा करून या टोपीवर बंदी घातली होती. जिथली म्हणून तिला रुमी म्हणायचे तिथे ती घालणे गुन्हा ठरले, आणि आमच्या जालन्याच्या तहसील कचेरीत ती आणखी तेवीस वर्षे डोक्यावर राहिली.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, १९३४ साली जालन्याच्या कचेरीत अहलकार म्हणून लागले. कचेरीत उर्दू लिहायचे, घरी दख्खनी बोलायचे, बाजारात मराठी. नोकरी लागली तेव्हा घेतलेली त्यांची रुमी टोपी आमच्या घरी आहे. आत पट्टीवर सोनेरी अक्षरांत ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असे छापलेले आहे. तो देशही आता नकाशावर नाही. १९९२ अखेर त्याचे दोन तुकडे झाले.

तिसरी टोपी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, गांधी टोपी. ती कशी सुचली हे गांधीजींनी काकासाहेब कालेलकरांना सांगितले होते. निरनिराळ्या प्रांतांतल्या टोप्या पाहून त्यांना काश्मिरी टोपीचा घाट आवडला. पण कापड खादीचे घेतले आणि रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर मळ दिसतो, म्हणून ती रोज धुतली जाते. घडी घालून खिशात ठेवता येते, आणि थोड्याशा कापडात होते. असा हिशेबी विचार त्यामागे होता. स्वतः गांधीजींनी ती फार थोडा काळ घातली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. टोपी मात्र देशाच्या डोक्यावर राहिली, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत तर अशी राहिली की, राजकारणाशी काडीचाही संबंध नसलेला म्हातारा शेतकरीही तिच्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. आमच्या भागात मुसलमान शेतकऱ्यांच्या डोक्यावरही ती दिसते. मुंबईचे डबेवाले तिच्यावरून ओळखू येतात. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात शहरातल्या तरुणांनी ती पुन्हा डोक्यावर घेतली.

एके काळी तिच्यासाठी मार खावा लागत होता. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा रस्त्यात दिसणाऱ्या गांधी टोप्या शिपाई उतरवून घेत. त्याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. कुर्बान हुसेन तरुण पत्रकार होते. सोलापूर इंग्रजी मुलखात. तिथून पुढे निजामाची हद्द सुरू होई. निजामी मुलखात १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली ती १९४६ पर्यंत होती. पांढरी टोपी घालून बाजारात जाणे म्हणजे पोलिसांना आमंत्रण.

मग आली १९४७-४८ ही दोन वर्षे. रझाकारांनी मराठवाड्यातल्या गावागावांत हिंदूंची घरे लुटली, जाळली, माणसे मारली. त्यांचा पुढारी लातूरचा वकील कासिम रझवी. त्याच्या डोक्यावर रुमी टोपी असे, ती छायाचित्रांतून सगळीकडे पोचली आणि टोपीचा अर्थ बदलून गेला. रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. हैदराबादच्या ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून करण्यात आला. पण टोपीला एवढे बारकावे कळत नाहीत. तीन आठवड्यांनी भारतीय फौज आली आणि १७ सप्टेंबरला संस्थान शरण आले. तो आमचा मुक्तिदिन. जालन्यात हुतात्मा जनार्दन मामांचे नाव त्या दिवशी घेतले जाते, ते घेतलेच पाहिजे. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्याच्या आणि कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर जे गुदरले तेही सांगितले पाहिजे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने चौकशीसाठी पाठवले. तिने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

आमच्या घरी त्या काळाची आठवण एवढीच सांगितली जाई. दादीने टोपी फडक्यात गुंडाळली, कडुलिंबाचा पाला घातला आणि ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरली. शेजारी एक अण्णा राहत. त्यांनी आपली धुतलेली पांढरी टोपी आणून दादांच्या हातात दिली आणि म्हणाले, “ही घाला मुन्शीजी. मी कचेरीपर्यंत येतो.” दादा ती घालून नव्या सरकारच्या कचेरीत हजर झाले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत पांढरीच टोपी घालत राहिले. कणगीतली टोपी बाहेर निघाली, तेव्हा ज्वारी संपली होती. दादांनी ती पुन्हा कधी डोक्यावर ठेवली नाही आणि टाकूनही दिली नाही. पेटीत ठेवली. दरवर्षी पाला बदलत.

भाच्याने ती पेटीत पाहिली आणि विचारले, “मामू, डालू क्या इसको?” लिलावात टाकू का, असा त्याचा प्रश्न. भाव चांगला येईल म्हणाला. किती, ते पाहण्यासाठी आम्ही दोघांनी इतरांनी विकायला ठेवलेल्या अशा टोप्या शोधल्या. पहिली मौज ही की, त्यांतल्या बऱ्याचशा तुर्की नव्हत्या आणि हिंदुस्थानीही नव्हत्या. अमेरिकेत १८७० च्या दशकात निघालेली श्राइनर्स नावाची एक संघटना आहे, धर्मादाय रुग्णालये चालवते. तिचे गोरे सभासद हौसेने तांबडी टोपी घालतात. त्यांच्या टोप्यांवर नक्षी आणि चमकते खडे असतात. न जाणणारा त्याही बादशाही म्हणून घेऊन जातो.

दुसरी गोष्ट पाहून मात्र हसू आले नाही. एका टोपीखाली लिहिले होते, ‘अस्सल रझाकार टोपी’. फोटोत ती अगदी दादांच्या टोपीसारखीच दिसत होती. तशीच पट्टी, तोच शिक्का. भाच्याने विकणाऱ्याला विचारले, हे तुम्हाला कशावरून कळले? तो गृहस्थ प्रामाणिक निघाला. त्याने कळवले की, ही टोपी त्याने भंगारवाल्याकडून घेतली, कुणाची ते त्याला ठाऊक नाही. पण नुसती जुनी टोपी म्हटले तर कुणी विचारत नाही आणि हे दोन शब्द लिहिले की बोली चढते. दुसऱ्या एकाने तशाच टोपीला निजामाच्या सरदाराची टोपी म्हटले होते. कारकुनाची टोपी असे कुणीच लिहिले नव्हते.

माझे म्हणणे इथे आहे. हैदराबाद संस्थानात अशी टोपी घालणारे पुष्कळ होते. मास्तर, टपालबाबू, मुन्शी, वकील, विद्यार्थी. त्यांतले बहुतेक कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले. आता त्यांची नातवंडे पेट्या रिकाम्या करत आहेत आणि त्या टोप्या बाजारात निघाल्या आहेत. घरातून निघताना टोपीबरोबर माणसाचे नाव गेले नाही, तर पुढे बाजार तिला जे नाव देईल ते तिला चिकटते. आणखी पन्नास वर्षांनी कुठल्या तरी संग्रहालयाच्या काचेमागे ती ठेवली जाईल आणि शाळेची मुले खाली लिहिलेले वाचून पुढे जातील. एका साध्या अहलकाराला मेल्यानंतर रझाकार करून टाकणे इतके सोपे झाले आहे. तसेच कुणाच्या आजोबांची मार खाऊन टिकवलेली गांधी टोपी नाव न लावता दिली, तर ती नुसते जुने फडके म्हणून जाईल. नुकसान दोघांचे सारखेच आहे.

म्हणून विकूच नये, असे मी म्हणत नाही. जुन्या वस्तू विकून कुणाच्या घरी औषधपाणी होत असेल, मुलाची फी भरली जात असेल तर त्याला नावे ठेवणारा मी कोण? आमचे जालना तर ‘सोने का पालना’ म्हणवणारे व्यापाऱ्यांचे गाव. जुने लोखंड आणून, वितळवून, त्याच्या सळ्या करून विकणे हा इथला मोठा धंदा आहे. पण लोखंड वितळले की ते कुठल्या पुलाचे होते हे कुणी विचारत नाही. टोपीचे तसे नाही. तिचा भावच मुळी ती कुणाच्या डोक्यावर होती यावर ठरतो.

कायदाही थोडा माहीत असावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. १९३४ ची टोपी त्यात अजून बसत नाही. पेशवाईतली पगडी नक्कीच बसते. जुन्या वस्तूंना किंमत आली की चोरही येतात. आमच्याच जिल्ह्यात, समर्थ रामदासांच्या जन्मगावी जांबसमर्थ येथे, ऑगस्ट २०२२ मध्ये राममंदिरातल्या शेकडो वर्षांच्या मूर्ती चोरीला गेल्या. पोलिसांनी त्या पुढे शोधून काढल्या, तोवर सगळे गाव सुतकात असल्यासारखे होते. तेव्हा कुणी जुनी वस्तू स्वस्तात देऊ लागले तर ती कुठून आली हे आधी विचारावे.

विकण्यापेक्षा देण्याचाही एक मार्ग आहे. पुण्याचे दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, दौती अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते सगळे महाराष्ट्राच्या हवाली केले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र जपून ठेवले आहे. ते कुठल्याही लिलावात गेले नाही. मोठे संग्रहालय लागतेच असे नाही. तालुक्याच्या वाचनालयात काचेचे एक कपाट असले तरी पुष्कळ होईल.

दादांच्या टोपीचे आम्ही असे केले की, भाच्याने तिचे फोटो काढले आणि मी एक पान लिहिले. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. नाव, नोकरी, साल, कणगी, अण्णांची पांढरी टोपी, सगळे. ते पान टोपीच्या आत ठेवले. ती सध्या विकायची नाही असे ठरले. पुढे विकली किंवा दिली तरी पान तिच्याबरोबर जाईल. आता भाचा दुसऱ्यांच्या टोप्या घेतानाही असे पान मागतो. काही लोक कंटाळतात, काही बसून तासभर बोलतात. पान असलेल्या टोपीला दोन पैसे जास्त मिळतात, हेही त्याच्या लक्षात आले आहे.

श्रोतेहो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. टोपी, पगडी, फेटा, कुंची, काही तरी निघेल. ते कडक उन्हात टाकू नका, रंग जाईल. सावलीत वाऱ्यावर ठेवा. लोकरीला कसर लागली असेल तर हलक्या हाताने झाडा, धुऊ नका. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा आणि विचारा, ही कुणाची? जे सांगतील ते तारखेसह लिहून घ्या, खाली सांगणाऱ्याचे नाव घाला. हे काम या वर्षी करून टाकावे, कारण सांगणारी माणसे फार राहिलेली नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)